ब्रश पेन चांगले, हात चांगला, तरी मराठी अक्षर बसत का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अक्षर लहानपणापासून वळणदार. गेल्या दिवाळीला हौसेनं चोवीस ब्रश पेनांचा संच घेतला, चार-पाच महिने व्हिडिओ बघून हात बसवला आणि आता इंग्रजी शब्द झोकात येतात. पण मराठी लिहायला घेतलं की शब्द बेढब होतो. बहिणीच्या नव्या घरासाठी 'मातृछाया' अशी पाटी स्वतःच्या हातानं करून द्यायची आहे. तर चूक हाताची की पेनांची, आणि आता सुरुवात कुठून करायची?

चूक हाताचीही नाही आणि पेनांचीही नाही. तुम्ही नियम दुसऱ्या लिपीचा लावताय, एवढंच. इंग्रजीच्या त्या सगळ्या व्हिडिओंत एकच मंत्र असतो: हात खाली येताना दाब, वर जाताना हलका. त्या लिपीत तो शोभतो, कारण तिथे अक्षरं एकमेकांना जोडत, वर-खाली हेलकावे घेत पुढे जातात. आपली बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरं अशी चालत नाहीत. आपण पेन उचलतो, टेकवतो, पुन्हा उचलतो. खालून वर जाणारी रेष आपल्या लिहिण्यात फार थोडी. त्यामुळे 'खाली दाब' हा नियम लावला की दंड (अक्षराची उभी काठी) जाड, काने जाड, र ची शेपटी जाड, उकार जाड. बारीक राहते ती फक्त आडवी शिरोरेषा. म्हणजे सुतळीवर ओल्या गोधड्या वाळत घातल्यासारखं दिसतं. तुमच्या शब्दाला बेढब करणारी गोष्ट हीच, असं मला जवळजवळ खात्रीनं वाटतं.

मी हे शिकलो ते पुस्तकातून नव्हे. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मिरजेत एका पाट्या रंगवणाऱ्या काकांच्या हाताखाली रंगाचे डबे धरायला जायचो. पुढे चित्रकलेचा शिक्षक झालो, पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, आणि लग्नाच्या पत्रिका, प्रमाणपत्रांवरची नावं, देवळातल्या देणगीदारांच्या पाट्या हे चालूच राहिलं. काकांना 'कॅलिग्राफी' हा शब्द ठाऊक नव्हता. ते म्हणायचे, "बोरू कसा टेकतो ते बघ, बाकी अक्षर आपलं आपण येतं." हे वाक्य मला कळायला दहा वर्षं लागली, म्हणून तुम्हाला ते फोड करून सांगतो. बोरू म्हणजे पोकळ काडीचं टोक तिरपं कापून केलेली लेखणी.

घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा. रुंद टोकाची लेखणी कागदावर टेकली की टिंब उमटत नाही, एक छोटी पट्टी उमटते. इंग्रजीच्या रुंद निबेची ती पट्टी साधारण दीड आणि साडेसात यांना जोडणाऱ्या रेषेत असते, म्हणजे उजवी बाजू वर. देवनागरीच्या बोरूची पट्टी नेमकी उलट, साडेदहा आणि साडेचार यांना जोडणारी: डावी बाजू वर, उजवी खाली. सगळी गंमत या एका फरकात आहे. लेखणी स्वतःच्या पट्टीच्या दिशेनं सरकली की रेष केसासारखी बारीक येते, आणि पट्टीला काटकोनात सरकली की सगळ्यात जाड. म्हणून आपल्याकडे वर उजवीकडून खाली डावीकडे येणारी तिरपी रेष जाड, आणि वर डावीकडून खाली उजवीकडे जाणारी बारीक. र ची शेपटी बारीक का, स च्या डाव्या भागाचं टोक नाजूक का, याचं उत्तर इथे आहे. आणि उभा दंड व आडवी शिरोरेषा? पट्टी बरोबर मधल्या कोनात असेल तर दोन्ही सारख्या जाडीच्या. तुमचा कोन बरोबर आहे का हे तपासायची ही सगळ्यात सोपी खूण. शिरोरेषा दंडापेक्षा बारीक आली की समजा, पट्टी आडवी पडली आहे. जाड आली तर उभी झाली आहे.

व घेऊन बघा. दंडाच्या वरच्या अंगानं निघून डावीकडे उतरताना वरच्या डाव्या खांद्यावर रेष भरते. तिथून खाली वळून उजवीकडे यायला लागली की डाव्या कुशीत ती बारीक होते, आणि दंडाला मिळताना पुन्हा थोडी अंग धरते. हे दाबानं होत नाही, दिशेनं होतं. हात सगळीकडे सारखाच हलका. माझ्या वर्गात नवीन आलेली मंडळी पहिल्या दिवशी व गिरवतात तेव्हा मी त्यांच्या अक्षराकडे बघतच नाही, त्यांच्या अंगठ्याच्या नखाकडे बघतो. नख पांढरं पडलं म्हणजे दाब देतायत.

आता तुमच्याकडे चोवीस ब्रश पेन आहेत, ते फेकून द्यायचे का? अजिबात नको. फक्त मंत्र बदला. 'खाली येताना दाब' हे विसरा. 'उजवीकडून डावीकडे उतरताना दाब, डावीकडून उजवीकडे उतरताना सोड' हे धरा, आणि दंड व शिरोरेषेला सारखाच मध्यम दाब द्या. आज संध्याकाळी हे करून बघा. एका पानावर जुन्या पद्धतीनं 'सरिता' लिहा आणि खाली या पद्धतीनं. मला शंका नाही की दुसरा शब्द ओळखीचा वाटेल, आजोबांच्या वहीतल्यासारखा. पण खरं शिकायचं असेल तर ब्रश पेन काही महिने बाजूला ठेवा. मऊ टोक चूक लपवतं. बोरू ती चारचौघांत सांगतो.

बोरू बाजारात मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर आइस्क्रीमच्या लाकडी काडीसारखी दुसरी सोय नाही. धारदार कटरनं काडीचं टोक तिरपं कापायचं: काडी हातात धरून टोक तुमच्यापासून लांब असताना डावा कोपरा लांब राहिला पाहिजे, उजवा आखूड. मग बारीक पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासून धार सारखी करायची. खरा बोरू असेल तर टोकाला मधोमध छोटी चीर द्यावी लागते, तिथून शाई उतरते. शाई दुकानात मिळणारी काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चालेल, पण ती फक्त बोरूला, काडीला, टाकाला. ती फाउंटन पेनात किंवा पायलट पॅरलल या रुंद निबेच्या पेनात घालू नका. आत वाळून बसली की पेन गेलं. पॅरलल पेन चांगलं आहे, १.५, २.४, ३.८ आणि ६ मिलिमीटर अशा रुंदीत येतं, सरावाला ३.८ घ्या. मात्र त्याचं टोक सरळ कापलेलं असतं, तिरपं नाही. मग पट्टी साडेदहा-साडेचारवर आणायची कशी? पेन सरळ छातीच्या रेषेत धरा आणि कागदाची वरची कड डावीकडे चांगली कलती ठेवा. मान वाकडी करू नका, कागद वाकडा करा.

इथे एक गोष्ट सांगायची राहवत नाही. डावखुऱ्यांना सुलेखन जमत नाही असं लोक बिनधास्त सांगतात. हात ओळीच्या खाली ठेवून लिहिणारा डावखुरा असेल तर त्याची लेखणी डावीकडून तिरपी येते, आणि सरळ कापलेल्या टोकाची पट्टी आपोआप साडेदहा-साडेचारच्या रेषेत पडते. म्हणजे आपल्याला जे काडी कापून, कागद फिरवून मिळवावं लागतं ते त्याला फुकट मिळतं. सातवीतल्या एका पोराला घरी डाव्या हातानं लिहितो म्हणून बोलणी बसायची. त्यानं माझ्याकडे चौकोनी टोकाचं मार्कर उचललं आणि पहिल्याच फटक्यात असा क काढला की मीच बघत बसलो. (तो पुढे इंजिनियर झाला. असो.)

कागदाचं फार मनावर घेऊ नका. सरावाला जुनी वर्तमानपत्रं. पान आडवं धरलं की स्तंभांच्या उभ्या कडा तुमच्या आडव्या ओळी होतात, आखायचे कष्ट वाचतात. छोट्या जाहिरातींचं पान त्यासाठी सगळ्यात चांगलं. आणि रद्दीवर हात मोकळा सुटतो. महागाचा हातकागद पुढ्यात असला की माणूस श्वास रोखून लिहितो आणि अक्षर थिजतं.

उंचीचं गणित मात्र पाळा. ज्या लेखणीनं लिहिताय तिच्या रुंदीचे ठोकळे एकावर एक मारा. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मी पाच ते सहा ठोकळे धरतो. वर वेलांटी-मात्रेला दोन, खाली उकाराला अडीच-तीन. चारच ठोकळ्यांत लिहिलं तर अक्षर बुटकं, ठसठशीत, मथळ्याला चालेल असं होतं. आठात लिहिलं तर उंच, सडपातळ, पत्रिकेवर शोभेल असं. यात बरोबर-चूक काही नाही, पण एका शब्दात एकच माप. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास लिहिलाय. त्यात अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं हे आहेच, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत चालावं, सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं वाटावं. तुमच्या पाटीला चारच अक्षरं आहेत. तरी तिथेही हे अवघड जातं, बघाल.

सराव रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. पहिला आठवडा अक्षर काढूच नका, फक्त रेषा: दंड, शिरोरेषा, दोन्ही तिरप्या, अर्धगोल. कंटाळा येईल, येऊ द्या. मग अक्षरं घ्या, पण अ आ इ ई च्या क्रमानं नाही. शाळेत आपल्याला ग म भ न पासून का शिकवायचे? काढायला सोपी म्हणून. एक छोटी गाठ आणि एक दंड एवढ्यात ती उभी राहतात. त्यानंतर व ब क, मग प ष फ, मग त आणि ज, मग दंड नसलेली ट ठ ढ द. अ, इ, ह, झ, क्ष, ज्ञ शेवटी. इ आणि ह मध्ये लेखणी इतक्या दिशा बदलते की कोन जरा हलला तरी अक्षर खुळं दिसतं.

ळ ला वेगळा आठवडा द्या, तो आपला आहे. त्याला आधाराला दंड नाही, दोन गोल एकमेकांना धरून उभे आणि वर नुसती शिरोरेषेची टेकण. नवशिक्या दोन्ही गोल सारखे काढतो आणि ळ चष्म्यासारखा दिसतो. डावा किंचित लहान ठेवा, उजव्याला थोडा विसावा द्या. मग तो अक्षर होतो.

आणि मराठी लिहिताय तर ल आणि श मराठी वळणाचे काढा. हिंदी ल ला उजवीकडे पूर्ण दंड असतो; आपल्या ल ला तो नाही, दोन्हीकडे पाकळ्या आहेत. श चंही डोकं वेगळं. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठी वर्णमालेतली ही रूपं ठरवून दिलेली आहेत, पण मोबाइलवर बहुतेक वेळा हिंदी रूपं दिसतात आणि लोक तीच गिरवतात. रूप ताडून बघायला 'टिरो देवनागरी मराठी' हा फुकट मिळणारा फॉन्ट चांगला. हिंदीसाठी त्याचाच वेगळा फॉन्ट आहे, दोन्ही शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. फॉन्ट बघायला वापरा, छापून वर ट्रेसिंग करायला नको. फॉन्टमधला म 'मन' मध्येही तोच आणि 'मामा' मध्येही तोच असतो. हातानं लिहिणाऱ्यानं शेजारी बघून म थोडा आवळायचा किंवा सैल सोडायचा असतो. हातानं लिहायचं ते त्यासाठीच.

शिरोरेषेबद्दल मला वारंवार विचारतात: आधी की नंतर? मोडी लिहिणारे पानभर रेषा आधी ओढून घेत आणि अक्षरं तिला लटकवत. बाळबोधात आपण शब्द लिहून वरून रेघ मारतो. सजावटीच्या कामात मी प्रत्येक अक्षराबरोबर तिचा तेवढाच तुकडा मारतो. फूटपट्टीनं एक लांब रेघ ओढली की शब्द कुंपणाला टांगल्यासारखा दिसतो, आणि दुसरा धोका म्हणजे भ, ध, थ यांच्या डोक्यावरची फट बुजते. फट बुजली की भ चा म आणि ध चा घ. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या आख्यायिकेत तर एका अक्षरानं 'धरावे'चं 'मारावे' झालं. तुमच्या पाटीवर कुणाचा जीव जाणार नाही, पण 'धनश्री'ची 'घनश्री' झालेली पाटी मी पुण्यात स्वतः पाहिली आहे.

आता रेखणं आणि लिहिणं यातला फरक, कारण पाटीसाठी तुम्हाला दोन्ही लागणार. सुलेखन म्हणजे एका फटक्यात लिहिलेलं अक्षर. अक्षररेखन म्हणजे आधी पेन्सिलीनं बाह्यरेषा काढून, खोडून, दुरुस्त करून मग भरलेलं. एलिमेंटरीच्या भूमिती व अक्षरलेखनाच्या पेपरला आपण चौकटी आखून जी ठोकळा अक्षरं काढायचो ते रेखनच, फक्त त्यातला जीव काढून घेतलेलं. वाईट रेखन असं का होतं? कारण लेखणीनं कधी न लिहिलेला माणूस जाडी कुठे द्यायची हे अंदाजानं ठरवतो. चांगलं रेखन करणाऱ्याच्या बोटांत बोरू आधी मुरलेला असतो. कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं आठवा. ते २०२० साली गेले. आमच्याकडे रविवारच्या पेपरातून ती कापून वहीत चिकटवलेली असायची. नाव वाचायच्या आधी नाटक विनोदी आहे की गंभीर ते कळायचं, आणि तरीही प्रत्येक अक्षर वाचता यायचं. र. कृ. जोशी दुसऱ्या टोकाचे, कवी आणि सुलेखनकार. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो 'मंगल' फॉन्ट बघत आलो तो त्यांनी केलेला. अच्युत पालव यांनी मोडीच्या जुन्या कागदांचा अभ्यास करून तिचा वेग देवनागरीत आणला. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिघांचं काम समोर ठेवून एकाच अक्षराकडे बघा, समजा क. तीन क एकमेकांसारखे नाहीत, पण तिन्हींत जाड-बारीक कुठे येतं ते बघितलं की बोरू दिसतो.

आता 'मातृछाया'. आधी शुद्धलेखनाचं मिटवून टाका. संस्कृतच्या नियमानं तो शब्द 'मातृच्छाया' आहे, छ च्या आधी च् येतो. घरोघरी पाट्यांवर मात्र 'मातृछाया' दिसतं. कोणतं लिहायचं ते बहिणीला विचारा, पण आत्ता विचारा. मी एकदा आठ फुटी भिंतीवर 'आशीर्वाद' रंगवला होता. रफार व वर द्यायचा तो श वर दिला. 'आर्शीवाद'. दोन दिवसांचं काम, लाल इनॅमल, पिवळी सावली वगैरे. घरमालकांनी चहा दिला, कौतुक केलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. चौथ्या दिवशी शेजारची पाचवीतली मुलगी म्हणाली, "काका, बाईंनी आमचा हा शब्द चुकीचा दिला होता." तेव्हापासून मी रंगवायच्या आधी शब्द उलट्या दिशेनं, शेवटच्या अक्षरापासून वाचतो. अर्थ नाहीसा झाला की डोळा अक्षरावर थांबतो.

शब्दाची रचना बघा. म ला दंड, त्याला लागून काना. त ला दंड. छ ला दंड नाही, पण पुढे काना. य ला दंड, पुन्हा काना. म्हणजे सहा उभ्या काठ्या, आणि मधे एकच गोलाकार अक्षर. सगळी अक्षरं फूटपट्टीनं सारख्या अंतरावर ठेवलीत तर काय होईल? 'मा' आणि 'या' दाट दिसतील आणि छ च्या दोन्ही बाजूंना, शिरोरेषेच्या लगेच खाली, पांढरे खड्डे पडतील, कारण छ ची मान बारीक असते. म्हणून छ ला त च्या जवळ ओढा, इतकं की चूक वाटावी. त्याचा काना जवळ घ्या. उलट 'मा' मधली गल्ली थोडी रुंद सोडा. अंतर मोजायचं नसतं, त्यात मावणारा पांढरा भाग मोजायचा असतो. काका म्हणायचे, दोन अक्षरांच्या मधे पाणी ओतलं तर सगळीकडे सारखंच मावलं पाहिजे. कच्चं काढून झालं की कागद उलटा, डोकं खाली पाय वर करून भिंतीला लावा आणि दहा पावलं मागे जा. शब्द वाचता येत नाही, नुसते काळे-पांढरे पट्टे दिसतात. जिथे भोक दिसेल तिथे दुरुस्ती.

बहिणीनं 'च्छ' निवडलं तर अर्ध्या च चं पोट त आणि छ च्या मधल्या खड्ड्यात आपोआप भरतं. तेव्हा शुद्ध लिहिण्याचा इथे दिसण्यालाही फायदाच आहे.

सजावट कुठे करायची हे शब्दच सांगतो, फक्त विचारावं लागतं. आपल्या लिपीत मिरवायच्या जागा ठरलेल्या आहेत: वेलांटी, मात्रा, रफार वरती, उकार, रुकार खाली. इंग्रजीत पहिलं मोठं अक्षर नटवतात, आपल्याकडे तसं मोठं अक्षर नाही, म्हणून पहिल्या म ला कोंबडीच्या पिसासारखा तुरा काढू नका. 'मातृछाया'मध्ये शिरोरेषेच्या वर काहीच नाही! एकही वेलांटी नाही, मात्रा नाही, अनुस्वार नाही. वरचा मजला रिकामा आहे, तो रिकामाच राहू द्या, शिरोरेषा तिथे ऐटीत दिसेल. खाली मात्र एक रुकार आहे. तोच तुमचा दागिना. त च्या खालून निघून तो छ च्या पोटाखालून, काना ओलांडून य पर्यंत नेता येईल, जाड सुरू होऊन बारीक होत जाणारा. छाया देणारी फांदी म्हणा हवं तर, पण पानं-फुलं काढू नका. एका शब्दात एक दागिना पुरे. अनुस्वाराच्या जागी मोदक, काना म्हणजे समई, उकार म्हणजे मोर हे सगळं मीही केलंय, पत्रिकांचा हंगाम असला की गिऱ्हाईक मागतंच. घरासाठी नको. पाटी रोज बघायची असते.

एक पथ्य: नटवताना ऱ्हस्व-दीर्घ बदलता कामा नये. पहिली वेलांटी इतकी लांब ओढली की ती दुसरीसारखी दिसायला लागली, तर तो दागिना नाही, चूक आहे. तुमच्या शब्दात हा धोका नाही, पण पुढे नावं लिहायला लागाल तेव्हा 'सुनिता'ची 'सुनीता' करून चालत नाही. ज्याचं नाव तो जसं लिहितो तसंच.

टॅब्लेटवर सराव करायचा असेल तर चौकोनी ब्रश निवडून त्याचा कोन फिरता न ठेवता पक्का करा, साडेदहा-साडेचार. बाकी सगळं तेच. फक्त चूक पुसायची सोय फार सोपी असते आणि म्हणून हात बसायला वेळ लागतो, असा माझा अनुभव. तरुण मुलं याला सहमत नसतात.

आता पाटी. तीन महिने हाताशी असतील तर दोन महिने वरचा सराव आणि शेवटच्या महिन्यात हे काम. शब्द मोठ्या काडीनं किंवा दोन पेन्सिली रबरबँडनं एकत्र बांधून शंभरेक वेळा लिहा. दोन पेन्सिलींचा फायदा असा की त्यांची टोकं साडेदहा-साडेचारवर धरली की अक्षराच्या दोन्ही कडा आपोआप उमटतात, मधला भाग रिकामा राहतो, आणि रेखनासाठी बाह्यरेषा तयार. शंभरातले तीन निवडा. त्यातला एकेक घरच्यांना नाही, एखाद्या लहान मुलाला वाचायला द्या. अडखळला तर तो बाद. उरलेल्यांतला एक ट्रेसिंग पेपरवर घ्या, मागून खडू चोळा, पाटीवर ठेवून रिकाम्या रिफिलनं कडा दाबा. लाकडी पाटी असेल तर आधी प्रायमर आणि पार्श्वभूमीच्या रंगाचे दोन हात, मधे पूर्ण वाळू देऊन आणि हलकं घासून. अक्षरं इनॅमलनं. ब्रश चपटा, अक्षराच्या दंडाच्या रुंदीचा. म्हणजे दंड एका ओढीत होतो आणि कडा थरथरत नाहीत. रंग पातळ करताना टर्पेंटाइन थेंबाथेंबानं. ब्रशमधून मधासारखा सुटला पाहिजे. पाण्यासारखा झाला तर कड फुटते. हात पाटीवर टेकवू नका, डाव्या हातात एक काठी आडवी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवा. आधी सहाही काठ्या रंगवून घ्या, मग गोल भाग, रुकार सगळ्यात शेवटी, हात तापल्यावर. रंग ओला असताना चूक झाली तर टर्पेंटाइनचा बोळा लगेच फिरवा, वाळल्यावर खरवडत बसू नका.

आणि भिंतीवर लावायच्या स्क्रूची भोकं रंगाच्या आधी पाडून घ्या. मी ती एकदा नंतर पाडली आणि ड्रिल घसरून थेट छ च्या मानेतून गेलं.